न वाचता मंजूर

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या घरात पावणेदोन महिने माझ्या पोरांचा कायदा चालू होता, आणि तो मीच सही करून दिलेला होता.

आता सही म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे. मी दुसरी पास. गुरुजी म्हणाले, "जाय बापा पुढं," आणि मी जो पुढं गेलो तो थेट ज्वारीच्या वावरात. अक्षरं तिथंच धुऱ्याच्या बांधावर राहिली. पण स्वतःचं नाव लिहिणं मी सोडलं नाही. आमच्या खानदानात सही करणारा मी पहिला. बापाचा अंगठा, आजाचा अंगठा, आणि त्याच्या आधीच्यांना तर कोणी अंगठासुद्धा मागितला नसेल. माझी सही व्हायला इतका वेळ लागायचा की समोरचा माणूस तेवढ्यात तंबाखू मळून, खाऊन, एकदा थुंकून यायचा. पण झाली की कशी झाली! वरची रेघ नांगराच्या तासासारखी सरळ.

सही येते म्हणजे वाचताही येतं, असं गावाने आपल्या मनाने धरून घेतलं. मी त्यांचं मन मोडलं नाही.

त्यात विहिरीचं प्रकरण झालं. आमच्या वस्तीत विहीर नव्हती. आमच्या बाया गावाच्या विहिरीवर जाऊन लांब उभ्या राहायच्या. कोणाला दया आली की तो वरून घागरीत ओतायचा. आम्ही धर्म बदलून वीस वर्षं होत आली होती, पण ते विहिरीला कोणी सांगितलं नव्हतं. मी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. (लिहिला तिथल्याच झाडाखालच्या एका अर्ज लिहिणाऱ्याने, सही माझी.) कचेरी म्हणाली, अर्ज भेटला नाही. दुसरा दिला, तोही भेटला नाही. तिसऱ्या वेळेला मी दोन प्रती नेल्या, एकीवर साहेबाची सही घेतली आणि पायरीवर बसलो. तीन दिवस बसलो. साहेब जाता-येता माझ्यावरून पाय टाकून जायचा. चौथ्या दिवशी त्याचा पाय अवघडला आणि आमची विहीर मंजूर झाली.

तेव्हापासून माझं भाषण सुरू झालं, ते आजवर पूर्ण थांबलेलं नाही. विहाराच्या ओट्यावर कोणीही बसलेला दिसला की मी सांगायचो, "तोंडाचं बोलनं वाऱ्यावर जाते. हक्क पाह्यजे असन तं लिवून द्या. दोन परती करा. एक त्यायले द्या, दुसरीवर सई घ्या. त्याले पोच म्हनतात. अन् सई करून कोनी फिरला, तं पायरीवर बसा."

हे भाषण गावातल्या मोठ्या माणसांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. ध्यान देऊन ऐकलं ते तिघांनीच: माझी मोठी शोभा, वय दहा, मधला गौतम, वय आठ, आणि धाकटी छबू, तिला पाच पुरी व्हायची होती.

कारण घरात हक्काचा हा एवढा मोठा पुढारी म्हणजे नुसता वाघ होता. पहिले थापड, मग चौकशी. पोरं जेवत असली तर ताटावरून उठवून "बिडी आन." बाजारातून शेवचिवड्याचा पुडा आणला की वाटेतच शेव मी वेचून खायचो आणि घरी मुरमुरे पोचायचे. पोरांना बरीच वर्षं वाटायचं की शेवचिवडा हे मुरमुऱ्यांचंच दुसरं नाव आहे. आणि छबू रंगाने माझ्यावर गेली म्हणून मी तिला हाक मारायचो "काळी म्हैस". लाडाने मारायचो असं मी म्हणायचो. तिला कोणी विचारलं नव्हतं.

त्या साली झेंडावंदनाच्या दिवशी शाळेत गुरुजींनी सांगितलं की या देशात जो जन्मला तो नागरिक, आणि नागरिकाला हक्क असतात. शोभा घरी आली ती दप्तर न ठेवता माझ्यापुढं उभी राहिली.

"बाबा, मी नागरिक हाओ?"

"हाईस."

"जन्मापासून?"

"अगदी पह्यल्या रडन्यापासून." मला पोरीचं कौतुक वाटलं.

"मंग मले काहून मारता?"

"नागरिक हाईस म्हनून मारतो," मी म्हणालो. "ढोर असती तं सोडून देलं असतं."

ओट्यावरची माणसं या उत्तरावर इतकी हसली की मी ते आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरलो. शोभा हसली नाही. ती विचार करत होती, आणि माझ्या घरात कोणी विचार करत असलं की ते मला कधीच वेळेवर कळलेलं नाही.

मार्चात एका सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. पुढं चार-पाच माणसं, बाजूला माझा लंगोटीमित्र महादू. तेवढ्यात तिघं पोट्टे उंचीप्रमाणे रांगेत आले. शोभाच्या हातात वहीचे दोन कागद, गौतमच्या हातात दौत-टाक, आणि छबूच्या हातात काहीच नव्हतं म्हणून तिने बहिणीचा परकर धरलेला.

"बाबा, अर्ज हाये," शोभा म्हणाली. "दोन परती हायेत. वाचा अन् मंजूर असन तं सई करा."

चार-पाच माणसं माझ्याकडे बघू लागली. मी कागद घेतला. मला त्यात माझं नाव दिसलं. बाकी सगळं मुंग्यांनी वारूळ बदलावं तसं. पण माणसं बघत होती. मी डोळे वरून खाली नेले, हं हं केलं, मधेच थांबून कपाळाला आठी घातली.

"इथं काना राह्यला," मी म्हणालो.

"कुठी बाबा?"

"आता दिसत नाही. मघाशी दिसला होता."

महादूने विचारलं, "काय लिवलं हाये रे संपत?"

"शाळेचं हाये. पोरायचं काईतरी असते." आणि मी सही करायला बसलो. दोन्ही प्रतींवर. महादूची तंबाखू दोनदा खाऊन झाली.

"समदं मंजूर, बाबा?" शोभाने विचारलं. तिचा आवाज जरा कापत होता, तो मला उन्हाने वाटला.

"समदं मंजूर. अन् थांब, साक्षीदार लागते. ये महादू, अंगठा लाव."

महादूने लावला. शोभाने एक प्रत माझ्या हातात दिली, दुसरी घडी करून दप्तरात ठेवली. "याले पोच म्हनतात," छबू सगळ्यांना म्हणाली. माणसं हसली आणि माझी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बादली उलटली. चिखल झाला. गौतम जवळ उभा होता, म्हणजे गुन्हेगार हाताशीच होता. मी हात उचलला.

"कारन," गौतम म्हणाला.

"काय कारन?"

"मारायच्या आधी कारन सांगा लागते. अन् ते आमाले पटलं पाह्यजे. कलम एक. तुमी मंजूर केलं."

माझा हात वरच राहिला. तो खाली आणायचा तर कसा, हे मला सुचेना. मी त्याच हाताने डोकं खाजवलं.

"कारन... तुनं पानी सांडलं."

"मी आत्ताच आलो. छबू होती इथं."

छबू म्हणाली, "मले बादली उचलत नाही. मी तिले अडखळली."

"मंग पाहून चालता नाही येत?"

"मधात कोनं ठेवली?" शोभा चुलीजवळून म्हणाली.

रीतसर चौकशी झाली. चौकशीअंती असं निघालं की आंघोळ करून बादली वाटेत मीच ठेवली होती. मी उठून जाऊ लागलो तर शोभाने पुन्हा आवाज दिला, "बाबा, कलम पाच."

मला पाच माहीत नव्हतं. मला दोनही माहीत नव्हतं. पण ज्याने मंजूर केलं त्याने "पाच म्हणजे काय" असं विचारायचं तरी कसं? मी म्हणालो, "माहीत हाये मले."

"मंग म्हना."

"तूच म्हन पह्यले."

"बाबांची चूक झाली तर बाबांनीसुद्धा चुकलं म्हणावं," शोभाने शाळेच्या भाषेत पाठ म्हटलं.

आतून माझी बायको कौसा बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, ती अशी निवांत उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. "चुकलं," मी बादलीकडे बघून म्हणालो.

असा मीच खणलेला खड्डा दिवसेंदिवस खोल होत गेला. कायदा माझा, सही माझी, आणि आत काय लिहिलंय हे फक्त मलाच माहीत नाही. एखादं कलम मोडलं की मगच कळायचं की ते होतं. बाजारातून आलो, पुडा सोडला, तर गौतमने आत बोट घालून पाहिलं. "कलम दोन. पुडा समद्यायसमोर सोडा लागते." जेवताना बिडी मागितली, तर तिघंही खाली मान घालून जेवत राहिली आणि छबूने तीन बोटं वर केली. मंगरूळपीरचा माझा मेहुणा आला, त्याला मी गौतम झोपेत कसा ओला करतो ती गंमत रंगवून सांगू लागलो, तर पोट्टा पाहुण्यासमोर उभा राहिला. "कलम चार, बाबा. पावन्यासमोर आमची खोडी सांगून हासू नये."

मेहुणा म्हणाला, "दाजी, हे काय हाये?"

"आमच्या घरी लेखी असते समदं," मी म्हणालो. अजूनही मी ऐटीतच होतो. ऐट ही अशी चीज आहे की घर जळत असलं तरी ती दारात उभी राहून लोकांना सांगते, शेकायला या.

शेवटी ठरवलं की माझ्याजवळची प्रत कोणाकडून तरी वाचून घ्यायची. गावात विचारणं शक्य नव्हतं. मी चालत आमच्याकडच्या मालेगावला गेलो, ओळखीचं कोणी नाही असा एक शिंपी शोधला आणि एक डोळा मिटून म्हणालो, "भाऊ, डोळ्यात कचरा गेला. एवढं वाचून दाखवा बरं."

त्या माणसाचा गळा भारी निघाला. त्याने मशीन थांबवून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली. पाचापर्यंत लोक नुसते हसले. सहावं आलं: "छबूला काळी म्हैस म्हणू नये. तिचं नाव छबू आहे. तिला वाईट वाटते, ती गोठ्यात जाऊन रडते."

मला तिचं गोठ्यात जाणं माहीत होतं. मला वाटायचं, वासरासाठी जाते.

सातवं असं होतं: "शोभाला पाचवीत घालावे. बकऱ्या राखायला घरी ठेवू नये. ती चौथीत सहामाहीला पहिली आली आहे. बकऱ्या सुट्टीत राखेल."

शिंपी म्हणाला, "खाली सई हाये. कोनाची हो?"

"हाये एका येड्याची," मी म्हणालो आणि दुसराही डोळा मिटून घ्यावासा वाटला.

आता इथून पुढचं सांगताना मला अजूनही मान वर करता येत नाही, पण सांगतो. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवी किन्हीराजाला, दोन कोस. शोभाला घरी ठेवायचं, दोनाच्या पाच बकऱ्या करायच्या, धाकट्यांकडे तिने पाहायचं, हे मी ओट्यावर दहादा बोललो होतो. "पोरीले पाचवीत घालून काय कलेक्टर कराचं हाये?" हेही माझंच वाक्य, त्यावरही माणसं हसली होती. आता मी शब्द फिरवला तर माणसं विचारणार, का? आणि मी सांगणार काय, की न वाचता सही केली? ज्या सहीवर अख्खी वस्ती पाणी पीत होती?

मी घरी आलो आणि कौसा पाण्याला गेलेली पाहून अर्ज चुलीत घातला. चांगला जळाला. मी हात झटकले. कायदा संपला.

अर्जाच्या दोन प्रती असतात, हे अख्ख्या गावाला शिकवणारा माणूस मीच.

शाळेचा निकाल लागला, त्यानंतर दाखले द्यायला गुरुजींनी पालकांना बोलावलं. आम्ही सगळे शाळेच्या पडवीत बसलो. गुरुजींनी शोभाचं नाव घेतलं आणि मला म्हणाले, "हिचा दाखला न्यायचा नाही, असं तुम्ही म्हणाला होता ना?"

"नाही न्याचा," मी म्हणालो.

शोभा पुढं झाली. दप्तरातून घडी काढली आणि गुरुजींच्या टेबलावर पसरली. "बाबानं मंजूर केलं हाये, गुरुजी. सई हाये."

गुरुजींनी वाचलं. एकदा मिशीत हसले, सहाव्या कलमाला हसणं थांबलं. मग कागद माझ्याकडे फिरवला. "ही सही तुमची?"

पडवीत वीस-पंचवीस माणसं होती. माझी नांगराच्या तासासारखी सरळ रेघ त्या कागदावर झोपलेली होती. मी तिच्याकडे पाहिलं. आणि म्हणालो, "नाही."

"नाही?"

"माही नाही. पोरीनं केली असन."

गौतम ओरडला, "महादूकाकाचा अंगठा हाये त्याच्यावर!"

सगळ्यांनी महादूकडे पाहिलं. महादूने माझ्याकडे पाहिलं. बालपणापासूनचा मित्र; त्याने मला वाचवायचं ठरवलं. "अंगठा काय गुरुजी," तो म्हणाला, "कोनाचाबी सारखाच दिसते."

गुरुजींचा चेहरा बदलला. खोटी सही म्हणजे त्यांच्या शाळेची अब्रू. त्यांनी छडी घेतली. "हात पुढं कर."

शोभाने हात पुढं केला. चार छड्या बसल्या. ती रडली नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. गुरुजींच्या टेबलावरच्या त्या कागदाकडे पाहत राहिली, जणू त्यातलं आपलंच काही चुकलं असावं. मी बोललो नाही. साहेब तीन दिवस माझ्यावरून पाय टाकून गेला होता, तेव्हाही मला इतकं लहान वाटलं नव्हतं. आणि तरी मी बोललो नाही.

घरी आलो. मला वाटलं, आता पोरं भांडतील. कोणी भांडलं नाही. मी पुडा आणला, त्यातली शेव मुद्दाम तशीच ठेवली, तर गौतमने पुड्याकडे पाहिलंच नाही. जेवताना मी खोकलो, तर तो ताटावरून उठून बिडी घेऊन आला. मी न सांगता! बिडी माझ्या हातात तशीच राहिली. छबू मला म्हणाली, "बाबा, मी म्हैसच हाओ. तुमी म्हना."

असा विजय दुश्मनालाही न मिळो.

चार दिवसांनी सकाळी कौसा विहिरीवरून घागर घेऊन आली, ती उतरवली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "काहो, इहिरीच्या कागदावर त्या सायबानं सई केली होती. उद्या तो म्हनला असता, माही नाही, तं तुमी काय केलं असतं?"

"अजून बसलो असतो पायरीवर."

"हं," ती म्हणाली. "मंग हे लेकरं कोन्या पायरीवर बसतीन?"

मी चप्पल न घालता निघालो. सुट्ट्या लागल्या नव्हत्या, सकाळची शाळा होती. प्रार्थना नुकतीच संपलेली, चारही वर्गांची पोरं पटांगणात उभी. मी गुरुजींपुढं जाऊन उभा राहिलो.

"गुरुजी, ते सई माही हाये."

"मग त्या दिवशी नाही का म्हणालात?"

"लाज वाटली."

"कशाची? सही केली त्याची?"

"नाही. वाचली नव्हती त्याची." आणि मग आतून एकदम सगळंच आलं. "मले वाचता येत नाही, गुरुजी. नाव तेवढं येते. बाकी मी नुसतं हं हं करतो."

 पहिलीतला एक पोट्टा शेजारच्याला म्हणाला, "मले तं येते." गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते कधी माझ्याकडे, कधी शोभाकडे बघत होते. छड्या त्यांनी मारलेल्या होत्या. शेवटी ते शोभाला म्हणाले, "माझंही चुकलं, बाई." चारही वर्गांनी ऐकलं. गुरुजी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्यांना तो शब्द पहिल्या खेपेलाच आला.

मी शोभाला म्हणालो, "आता समदं मंजूर. खरंखुरं."

तिने लगेच होय म्हटलं नाही. चार दिवसांत ती पुष्कळ शिकली होती. "तुमाले काय मंजूर हाये ते तं माहीत पाह्यजे," ती म्हणाली. "मी वाचतो. तुमी एकेकाले सांगा."

आणि तिने गुरुजींकडून कागद घेऊन पटांगणात उभं राहून वाचला. कलम एक. मी म्हणालो, मंजूर. कलम दोन, शेवेचं. मंजूर. बिडीला मंजूर, पाहुण्याला मंजूर. पाचव्याला तिने थांबून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी आधी "चुकलं" म्हणालो आणि मग मंजूर. सहाव्याला छबू पहिलीच्या रांगेच्या टोकाला येऊन उभीच होती, मी तिला म्हणालो, "छबू, मंजूर." सातव्याला शोभाच कागदावर बोट ठेवून थांबली. मी म्हणालो, "मंजूर. वाचलं नाही तरी मंजूर."

माझं घर सुधारलं, पण गाव माझ्यावर उलटलं. साठ-सत्तर पोरांनी ती सात कलमं ऐकलेली! आठवडाभरात वस्तीत आणि वरच्या गावात मिळून घरोघर अर्ज गेले, सगळे दोन-दोन प्रतींत. पाटलाच्या नातवाने मागितलं की आजोबांनी दात काढून ताटाजवळ ठेवू नये. महादूच्या चारही पोरांनी मिळून लिहिलं की आमच्या बापाने खरं बोलावं. महादू तो कागद घेऊन माझ्याकडे आला.

"संपत, काय लिवलं हाये हे?"

"मले काय विचारतं? मले वाचता येत नाही, समद्या गावाले माहीत हाये."

"मलेबी नाही येत," तो म्हणाला. "अंगठा लावू का?"

"पोराले वाचाले लाव. मंग लाव."

त्याने पोराकडून ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बाकीचे बापही रस्त्यात मला पाहून दुसऱ्या अंगाला थुंकायचे. ओट्यावर मी बसलो की एकेक जण उठून जायचा. माझ्या भाषणाला पहिल्यांदाच खरा परिणाम झाला होता, आणि ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

जूनमध्ये शोभाला घेऊन किन्हीराजाला गेलो. दोन कोस ती माझ्या पुढं चालत होती. मागं वळून पाहायची, मी येतोय ना म्हणून. एकदा नाकारलेल्या सहीवर पोरांचा भरवसा लवकर बसत नाही.

शाळेच्या व्हरांड्यात रांग होती. कारकुनाने एक छापील कागद दिला, पालकाने भरावा म्हणाला. मी तो शोभाला दिला. ती खांबाला टेकवून भरू लागली. मधे थांबली.

"बाबा, पालकाचं शिक्षन विचारलं हाये. काय लिवू?"

"दुसरी लिव."

तिने टाक उचलून माझ्याकडे पाहिलं.

"बरं," मी म्हणालो, "जे खरं हाये ते लिव, सई तेवढी येते म्हनून. अन् समदं लिवून झालं की मले मोठ्यानं वाचून दाखव. मंग सई करतो."

तिने वाचलं. नाव, गाव, जन्मतारीख, माझं शिक्षण. कागदाच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. रांगेतली माणसं ऐकत होती. मी मान खाली घालून प्रत्येक ओळीला हं म्हणत होतो. पण या वेळी मला ऐकू येत होतं म्हणून हं म्हणत होतो. माझे कान तापले होते. या सगळ्या शिकल्यासवरल्या लोकांत आपण एकटेच अडाणी, असं वाटून मी कशीबशी सही उरकली. आयुष्यात पहिल्यांदा रेघ वाकडी आली.

आम्ही निघणार, तेवढ्यात माझ्या मागचा माणूस पुढं वाकला. पांढरा सदरा, खिशाला चांगला पेन. तो शोभाला हळूच म्हणाला, "बाई, तेवढं माहंबी वाचून दाखवतं का?" तिने वाचून दाखवलं. मग त्याच्या मागच्याने कागद पुढं केला. मग त्याच्या मागच्याने. मला धरून पाचवा तर रांग सोडून आला.

मी खांबाला टेकून बघत उभा राहिलो. पंधरा वर्षं जे गुपित मी छातीशी धरून बसलो होतो, ज्याच्यापायी पोटच्या पोरीला चार छड्या खायला लावल्या, ते निदान माझ्या एकट्याचं तरी असावं की नाही? पण नाही. अडाणीपणातसुद्धा आमचा नंबर त्या रांगेत पाचापैकी एक.